नाशिकच्या हवेत फुलांचे कंद : कुठला कंद कधी झोपतो?

गोदाकाठ
१४ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबलचक होणार आहे, पण विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

पंचवटीतला आमचा वाडा दोन वर्षांपूर्वी उतरवला. मजूर यायच्या आदल्या दिवशी मी खुरपं घेऊन सासूबाईंच्या अंगणात बसले आणि हाताला लागतील तेवढे कंद काढून घेतले. लाल अ‍ॅमरिलिस (त्या तिला नुसतं ‘मोठी लिली’ म्हणायच्या), निशिगंध, गुलाबी पावसाळी लिली आणि विहिरीच्या कडेचा भुईचाफा. तीसेक वर्षं त्यांनी सांभाळलेली झाडं ही. इंदिरानगरला आल्यावर गच्चीवर कुंड्यांत लावली, रोज सकाळी न चुकता पाणी घातलं, आणि वर्षभरात निम्मी गेली. काही पावसाळ्यात, काही थंडीत. एका कुंडीत अ‍ॅमरिलिसची पानं पिवळी पडून लोळली होती. हलकेच ओढून बघितलं तर सगळा झुबका सुटून हातात आला. खाली कंद नव्हताच. तपकिरी बुळबुळीत लगदा, आणि सडक्या कांद्याला येतो तसा वास. सासूबाई तेव्हा नुकत्याच गेल्या होत्या. त्यांच्या हातचं एवढंच माझ्याकडे उरलं होतं, म्हणून फार लागलं.

वाड्यात तीस वर्षं जगलेला कंद माझ्याकडे वर्षभरात का मेला, हे आता समजतंय. ते अंगण उताराचं होतं, पाणी थांबायचं नाही. आणि दिवाळी झाली की सासूबाई त्या कोपऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन फिरकायच्याच नाहीत. ‘झोपू दे तिला’ म्हणायच्या. तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं होतं. इथे मात्र झोपलेल्या कंदाला रोज पाणी पाजत राहिले.

कंद म्हणजे झाडाने वाईट दिवसांसाठी भरलेली कणगी. त्याच्या मुळच्या देशात जो काळ कोरडा किंवा गारठ्याचा असतो, त्या काळात पानं टाकून तो जमिनीखाली थांबतो. आपल्याकडे आणल्यावरही ती सवय जात नाही. म्हणून मी आता झाड घेताना फुलाचा रंग नंतर विचारते, आधी विचारते : हे झोपतं कधी?

माझा आतापर्यंतचा हिशोब असा. भुईचाफा, कळलावी, मे महिन्यात लाल चेंडू फुलतो ती फायरबॉल लिली, ही पावसाबरोबर वाढणारी मंडळी. थंडीत पानं टाकतात, तेव्हा कुंडी कोरडी हवी. ग्लॅडिओलस, फ्रीशिया यांचं उलटं. थंडीत वाढतात आणि उन्हाळा-पावसाळा त्यांना जमिनीबाहेर काढावा लागतो. पावसाळी लिली आपल्या हवेत पूर्ण झोपत नाही, पण तिला उन्हाळ्यात ताण बसला पाहिजे. तो बसला आणि मग वळवाचा पाऊस पडला की चार दिवसांत काड्या वर येतात. नळाचं पाणी रोज घातलेल्या कुंडीत मला नुसतं गवतासारखं पातं मिळालं.

अ‍ॅमरिलिसला आपल्याकडे साधारण नोव्हेंबर ते जानेवारी विश्रांती लागते. माझ्याकडे तिचे पाच कंद उरलेत आणि आता तीच वेळ आलीय. त्यांची पानं अजून हिरवीगार आहेत. पाणी बंद करताना जीव होत नाही. तुम्ही कसं करता? कंद काढून ठेवता की कुंडीतच?

गच्चीवरची
१४ ऑक्टोबर, रात्री १०.१५

ताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी गंगापूर रोडला राहते. गेल्या नोव्हेंबरमध्ये एका प्रदर्शनातून दहा ट्यूलिपचे कंद घेतले. विकणाऱ्याने ‘नाशिकची थंडी भरपूर आहे, सरळ कुंडीत लावा’ असं सांगितलं. सहा उगवले, दोन-दोन पानं आली आणि फेब्रुवारीत वाळली. फूल एकही नाही. माझं काय चुकलं?

मातीचे हात
१५ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

आधी ट्यूलिपचं. ताई, तुमचं काहीच चुकलं नाही, सांगणाऱ्याचं चुकलं. ट्यूलिपच्या कंदात फुलाची कळी आधीच तयार असते, पण दांडा लांबून ती वर यायला कंदाला सलग १२ ते १६ आठवडे ९ अंशांच्या खालचा गारवा लागतो. आपल्याकडे पहाटे पारा १० वर आला तरी दुपारी २८-३० असतो, आणि कुंडीतली माती दुपारचं ऊन साठवून ठेवते. कंदाच्या दृष्टीने ती थंडी मोजलीच जात नाही. श्रीनगरला झबरवानच्या पायथ्याशी २००७ साली ट्यूलिपची मोठी बाग सुरू झाली. तिथे अख्खा हिवाळा कंद गार मातीत असतात आणि मार्चअखेर-एप्रिलमध्ये फुलतात. ती हवा गच्चीवर आणता येत नाही.

फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवून जमतं, पण हिशोब मांडून बघा. १ नोव्हेंबरला कंद आत ठेवले तर १४ आठवड्यांनी फेब्रुवारी उजाडतो. लावल्यापासून फुलायला अजून महिना-सव्वा महिना. म्हणजे मार्चमध्ये, ऐन ३५ अंशांत कळी बाहेर येणार आणि करपणार. त्यामुळे घ्यायचेच असतील तर आधीच थंडावा दिलेले कंद घ्यावेत आणि डिसेंबरच्या मध्यावर लावावेत. आणखी एक, त्या कप्प्यात सफरचंद, केळी, पेरू नकोत. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने आतली कळी कंदातच मरते. एवढं करूनही फूल आल्यावर तो कंद आपल्याकडे पुन्हा फुलत नाही. हौस म्हणून एकदा करा, पण मन त्यात अडकवू नका.

आता अ‍ॅमरिलिस. माझी मखमलाबादला छोटी रोपवाटिका आहे. मी दर वर्षी नोव्हेंबरात कंद काढतो, पानं-मुळं कापतो, सावलीत सुकवतो आणि जानेवारीअखेर पुन्हा लावतो. गोदाकाठ ताईंनीही तसंच करावं असं सुचवेन. सड आहे का ते हाताने तपासता येतं.

निफाडकर
१५ ऑक्टोबर, रात्री ९.२०

ताई, दादा, मी कांदा-द्राक्षवाला. फुलांतलं फार कळत नाही, पण हा धागा वाचताना सारखं वाटत राहिलं, हे तर आपलंच काम आहे. म्हणून लिहितो.

तुमची ती अ‍ॅमरिलिस, पावसाळी लिली आणि आमचा कांदा एकाच कुळातले. आणि कंद कसा झोपवायचा, कसा टिकवायचा हे लासलगाव-निफाडच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. उन्हाळ कांदा तयार झाला की त्याची मान पडते. निम्म्या पिकाच्या माना पडल्या की पाणी तोडायचं. पाणी तोडल्याशिवाय वरची पत्ती सुकत नाही, आणि पत्ती सुकली नाही तर कांदा चाळीत टिकत नाही. काढल्यावर लगेच पात कापत नाहीत. पातीसकट तीन-चार दिवस शेतात, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असं पसरून ठेवायचा, म्हणजे कांद्याला ऊन लागत नाही आणि पातीतलं सगळं गड्ड्यात उतरतं. मग मान दोन-तीन बोटं ठेवून पात कापायची. मान बसकी कापली की तिथूनच सड शिरते. त्यानंतर दहा-बारा दिवस सावलीत, आणि मग चाळीत. चाळ म्हणजे खालून हवा, बाजूने हवा, आणि जमिनीपासून उंच.

तुमच्या ग्लॅडिओलसला हेच करा. पॉलिथिनच्या पिशवीत कंद भरून ठेवतात लोक, ते बघून वाईट वाटतं. कांद्याची जाळीची गोणी घ्या, पातळ थर करा, घरातल्या गार खोलीत टांगा. आठ-पंधरा दिवसांनी हात फिरवा. मऊ लागला तो लगेच बाहेर. एक सडका दहा सडवतो.

थंडीचंही तसंच. कांद्याला कोवळेपणी फार गारठा लागला की डेंगळे येतात, म्हणजे गड्डा पोसायचा सोडून तो फुलावर जातो. आमचं नुकसान होतं. पण बियाण्यासाठी जे कांदे (डोंगळे) लावतो त्यांना तोच गारठा हवा असतो, तेव्हा कुठे ते पांढरे गोंडे येतात. म्हणून मातीचे हात दादा ट्यूलिपला थंडी लागते म्हणाले ते मला चटकन पटलं. निफाडला एखाद्या पहाटे पारा ५ च्याही खाली जातो, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, पण दुपारी ऊन असतंच. कांद्याला तेवढं पुरतं, ट्यूलिपला पुरत नाही.

आणि ‘ताण’ म्हणालात ना ताई, सटाणा-देवळ्याकडे डाळिंबवाले तेच करतात. पाणी तोडून बागेला ताण देतात, पानगळ करतात आणि मग पाणी देऊन बहार धरतात. तुमची पावसाळी लिली स्वतःचा मृग बहार धरते, एवढंच.

गोदाकाठ
१५ ऑक्टोबर, रात्री ११.०२

निफाडकर दादा, किती मनापासून लिहिलंत. मान दोन-तीन बोटं ठेवायची, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी मी ग्लॅडिओलसची पानं अगदी कंदालगत कापली होती आणि बरोबर त्याच जागी काळे डाग पडून ते गेले.

मातीचे हात दादा, अ‍ॅमरिलिस काढून ठेवण्याबद्दल मात्र मी थोडी अडखळतेय. तिची मुळं जाड, मांसल असतात आणि वर्षानुवर्षं जगतात. ती तुटली की पुढचं वर्ष ती मुळं धरण्यातच घालवते, असं मला दिसलंय. आणि कंदात चार पानांमागे एक फुलाचा दांडा तयार होतो. म्हणजे या वर्षी जितकी पानं जगवली, तितकी पुढच्या फुलांची शिदोरी. मग हिरवी पानं आपण होऊन कापायची कशाला? पाणी तोडलं की ती स्वतःच पिवळी पडतील.

मातीचे हात
१६ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

पानांचा मुद्दा मान्य आहे. मला विकायला मोकळे कंद लागतात म्हणून मी काढतो. घरच्या कुंडीत कंद निरोगी असेल तर नका काढू. पाणी बंद करा आणि कुंडी पाऊस लागणार नाही अशा जागी आडवी घालून ठेवा. आडवी घातली की कोणी चुकूनही पाणी घालत नाही, घरातली मंडळीसुद्धा नाहीत. फक्त पुढच्या वेळी कुंडी बदलाल तेव्हा कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवा. तुमचे सडलेले कंद मानेपर्यंत पुरलेले असणार.

माती कोणती वापरलीत? आपली काळी माती कुंडीत नुसती भरू नका. पावसात ती पाणी सोडत नाही आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. मी पोयटा, जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं जुनं शेणखत सारखंच घेतो. ताजं शेणखत कंदाला चालत नाही.

गोदाकाठ
१६ ऑक्टोबर, सकाळी ९.१०

हो, मानेपर्यंतच पुरले होते. आणि माती काळीच, वाड्यातली, पोत्यात भरून आणलेली.

सिडकोतली आई
१६ ऑक्टोबर, दुपारी २.३०

माझी मुलगी अडीच वर्षांची आहे, हाताला येईल ते तोंडात घालते. यातलं काही विषारी आहे का? निशिगंध लावायची फार इच्छा आहे.

अंजनेरीची वाट
१६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.४५

ताई, निशिगंध खुशाल लावा. अ‍ॅमरिलिस, पावसाळी लिली, डॅफोडिल यांच्या कंदात लायकोरिन असतं, खाल्लं तर उलट्या होतात. आणि हे कंद हुबेहूब कांद्यासारखे दिसतात. म्हणून निफाडकर दादांनी सांगितलेली गोणी स्वयंपाकघरात अजिबात टांगू नका, कांद्या-बटाट्याच्या टोपलीजवळही नको. कळलावी मात्र मूल मोठं होईपर्यंत घरात आणूच नका. तिच्या सगळ्या भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसिन असतं आणि ते जीवघेणं आहे. दिसायला तो कंद रताळ्याच्या जोडफाट्यासारखा दिसतो, म्हणून जास्त भीती.

कळलावीचा विषय निघाला म्हणून एक विनंती. पावसाळ्यात मी दर दोन आठवड्यांनी डोंगरात जातो. पानाच्या टोकाचा तणावा झुडपाला गुंडाळत ती वर चढते, आणि पाकळ्या खालून पिवळ्या, वर शेंदरी, मागे वळलेल्या. कोकणात तिला गौरीचे हात म्हणतात. ती दिसली की लोक काठीने उकरायला लागतात. कृपा करून असं करू नका. रानहळद, कोळकांदा, कंदीलपुष्पं ही सगळी कंदावरच जगणारी आहेत. एका कंदीलपुष्पाच्या शास्त्रीय नावात तर आपली अंजनेरीच आहे, अंजनेरिका. कंद उकरला की पुढच्या वर्षी त्या जागी काहीच उगवत नाही. कळलावीचं बी रोपवाटिकेत मिळतं, कंदही मिळतात. डोंगरातलं डोंगरात राहू दे.

सिडकोतली आई
१६ ऑक्टोबर, रात्री ८.२०

धन्यवाद दादा. कांद्याच्या टोपलीचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. निशिगंध आत्ता लावू का?

मातीचे हात
१७ ऑक्टोबर, सकाळी ७.००

आत्ता थांबा. एप्रिल-मेमध्ये लावा, दोन-अडीच इंच खोल, निदान २५-३० ग्रॅमचा कंद. वासासाठी सिंगल घ्या, डबल दिसायला भरगच्च असते पण तिचा वास तेवढा नाही. सिंगलमध्ये ‘प्रज्वल’ आणि ‘शृंगार’ हे बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे वाण आहेत, दोन्ही चांगले. एक गोष्ट लक्षात ठेवा : निशिगंधाचा एक कंद एकदाच फुलतो. पुढची फुलं त्याच्या पिल्लांवर येतात. म्हणून दुसऱ्या वर्षी ‘माझा कंद फुलेना’ म्हणून फेकू नका, बाजूची पिल्लं पोसा. तीन वर्षांनी अख्खा ठोंबा काढून वेगळा करायचा.

गच्चीवरची
२२ जानेवारी, रात्री ९.३०

धागा वर काढतेय. या वेळी ट्यूलिप घेतले नाहीत. त्याऐवजी ऑक्टोबरच्या शेवटी ग्लॅडिओलसचे वीस कंद लावले. आज पहिला दांडा उमलला, फिकट जांभळा. खालून एक-एक फूल वर चढत जातंय आणि घरातले सगळे रोज सकाळी गच्चीवर जाऊन मोजतात. आता विचारायचं आहे की फुलं संपल्यावर लगेच काढायचे का?

निफाडकर
२२ जानेवारी, रात्री १०.०५

अजिबात नाही. पानं सहा-आठ आठवडे तशीच राहू द्या, खत-पाणी चालू ठेवा. पिवळी पडायला लागली की पाणी तोडा आणि मग काढा. जुना कंद खाली चोथ्यासारखा झालेला दिसेल, त्याच्या डोक्यावर नवा बसलेला असेल आणि भोवती हरभऱ्याएवढी पिल्लं. जुना तोडून टाका, नवा गोणीत.

गोदाकाठ
११ मार्च, सकाळी ८.१५

मंडळी, अ‍ॅमरिलिस!

नोव्हेंबरात पाणी तोडलं, कुंड्या जिन्याखाली आडव्या घातल्या. पानं महिनाभर तग धरून मग पिवळी पडली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उभ्या केल्या, वरची दोन इंच माती काढून नवी भरली, कंदाचा माथा उघडा ठेवला आणि एकदाच पाणी दिलं. पंधरा दिवस काही नाही. मग एका सकाळी कंदाच्या मानेशी, पानं येतात त्या मध्यावर नाही तर जरा कडेला, चपटं हिरवं टोक दिसलं. पान निघतं ते पातळ असतं, हे जाड होतं, पोपटाच्या चोचीसारखं. पाच कंदांपैकी तिघांना दांडे आलेत. आज पहिल्यावर चार लाल फुलं आहेत. यांच्या वडील आत्या आल्या होत्या, त्यांनी बघताक्षणी विचारलं, ‘ही वहिनींचीच ना?’

अंजनेरीची वाट
११ मार्च, सकाळी ९.००

ताई, वाचून डोळे भरून आले. भुईचाफ्याचं काय झालं?

गोदाकाठ
११ मार्च, सकाळी ९.२०

कुंडी नंबर ४. डिसेंबरपासून नुसती माती दिसतेय. एप्रिलची वाट बघते.

गोदाकाठ
१६ मे, रात्री १०.३०

एप्रिल गेला, भुईचाफा आला नाही. वाड्यात चैत्रात तडकलेल्या मातीतून पानाआधी थेट फूलच यायचं, पांढरं आणि जांभळं, जमिनीला टेकलेलं, आणि सकाळी विहिरीपाशी जाताना आधी वास यायचा. चार नंबरमध्ये काहीच हालचाल नाही. उकरून बघावंसं फार वाटतंय.

याच महिन्यात दुसरा त्रास. अ‍ॅमरिलिसच्या पानांवर काळ्या अळ्या आल्या, अंगावर पांढरे आणि लालसर ठिपके. एका रात्रीत पान पोखरून नुसता पापुद्रा ठेवला.

मातीचे हात
१७ मे, सकाळी ६.४५

ती लिलीवरची अळी, कळलावीवरही पडते. फवारणीची घाई करू नका. सूर्य मावळल्यावर टॉर्च घेऊन बसा, पानाच्या बुडाशी आणि मागच्या बाजूला सापडतात. साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका. सलग पाच-सहा दिवस केलं की संपतात. पानाच्या मागे अंड्यांचे पुंजके दिसले तर बोटाने पुसून घ्या.

आणि चार नंबरला हात लावू नका. जागा बदललेला भुईचाफा एखाद-दोन वर्षं फुलत नाही. गड्ड्यात जीव असेल तर पावसाबरोबर पान येईल. तोवर माती नुसती ओलसर, चिखल नको.

निफाडकर
१७ मे, दुपारी १.१०

ताई, दादा बरोबर सांगतात. उकरू नका. चाळीतला कांदाही रोज हलवला तर टिकत नाही.

गोदाकाठ
१९ जून, सकाळी ७.३०

शुक्रवारी रात्री जोरदार पाऊस झाला. आज पावसाळी लिलीच्या तीन कुंड्यांत मिळून एकोणचाळीस गुलाबी काड्या मोजल्या. अळ्या गेल्या, पाचही अ‍ॅमरिलिसना नवी पानं आहेत आणि त्यातल्या दोघींना पिल्लं झालीत. निफाडकर दादा, त्यातलं एक तुमच्या बांधासाठी राखून ठेवलंय.

चार नंबरमध्ये मातीची एक खपली वर उचललेली होती. बोटाने बाजूला केली. खाली सुरळीसारखं घट्ट वळलेलं पान, बोटाच्या पेराएवढं, बाहेरून जांभळं.